जुनी अँबेसेडर विदर्भाच्या उन्हात चालती ठेवताना

अँबेसेडरचे उत्पादन पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५७ च्या सुमारास सुरू झाले आणि २०१४ मध्ये थांबले. तरीही वर्धा, यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांच्या अंगणात, गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडखाली, ती अजून उभी दिसते. काही गाड्या रोज धावतात. बऱ्याचशा केवळ एखाद्या बिघाडाला कंटाळून उभ्या केलेल्या असतात. आमच्या घरी वडिलांनी घेतलेली १९८६ सालची मार्क फोर आहे, १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन असलेली, आणि तिची जवळजवळ सगळी कामे मी आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावीच करतो. पुढचे मार्गदर्शन मुख्यतः याच इंजिनाच्या गाडीसाठी आहे. डिझेल किंवा नंतरच्या इसुझू इंजिनाच्या गाडीत आकडे वेगळे असतील, कामाचा क्रम मात्र तोच राहील.

हा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो आधी सांगतो. जुनी गाडी हाती आली की माणूस पहिल्यांदा नवे दिवे, नवा म्युझिक सिस्टीम, रुंद टायर यांचा विचार करतो, आणि त्यावर खर्च झाला की ब्रेकसाठी पैसे उरत नाहीत. गाडी मुळात जशी कारखान्यातून निघाली होती तशी निर्दोष करणे हे पहिले काम आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे या कामातही कूलिंग सर्वांत आधी, त्यानंतर ब्रेक, मग पेट्रोलची लाइन आणि वायरिंग, आणि सुधारणा या सगळ्याच्या शेवटी.

हत्यारांविषयी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवावी. या गाडीचे बहुतेक नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत आणि गावातल्या दुकानात पाने मिळतात ते मिलिमीटरचे. अर्ध्या इंचाच्या नटाला १३ चा पाना बसतो खरा, पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, म्हणून जोर लावताच पाना घसरतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. सात-सोळांश, अर्धा आणि नऊ-सोळांश इंचाचे तीन चांगले रिंग पाने नागपूर किंवा अमरावतीच्या हत्यारांच्या दुकानातून एकदाच आणून ठेवावेत. सोबत फिलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या), टेस्ट लॅम्प, साधा मल्टीमीटर आणि ग्रीस गन असली की वर्षभराची कामे निघतात.

गाडीखाली जाताना केवळ जॅकवर विसंबू नये. आपली काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी दबते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. दोन्ही वेळा जॅक तिरपा होतो. जॅकखाली किमान दोन इंच जाडीची लाकडी फळी ठेवावी, गाडी उचलल्यावर लगेच लोखंडी स्टँड, ज्याला आपले मिस्त्री घोडी म्हणतात, ती लावावी, आणि उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके द्यावेत. विटांवर गाडी ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण वीट वजनाखाली आधी कसलीही सूचना न देता फुटते आणि ही गाडी अकरा क्विंटलच्या आसपास भरते.

आता कूलिंग. काही वर्षांपूर्वी, मे महिन्यात दुपारी पुलगावहून परत येताना आमच्या गाडीचे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधले पॅकिंग, उडाले. त्याआधीच्या हिवाळ्यात एका मिस्त्रीने "आपल्याकडे याची गरज नसते" म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप, काढून टाकला होता आणि रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी भरले होते. मी ते मान्य केले, ही माझी चूक होती. हेड उघडले तेव्हा पाण्याच्या वाटांत खडूसारखा पांढरा थर बसलेला होता, आणि मागच्या सिलिंडरभोवतीची वाट जवळजवळ बंद होती. बोअरचे पाणी क्षारांनी जड असते; अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात तर ते पिकालाही चालत नाही, मग तांब्या-पितळेच्या रेडिएटरला आणि बिडाच्या इंजिनाला ते कसे मानवेल? बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर आणि चांगल्या प्रतीचे कूलंट समप्रमाणात मिसळून भरावे. ग्लायकॉल असलेले हे मिश्रण उकळायला साध्या पाण्यापेक्षा जास्त तापमान घेते आणि आतला गंज रोखते. मात्र ते गोडसर आणि विषारी असते. जुने कूलंट जमिनीवर सोडले तर कुत्रे, शेळ्या, वासरे ते चाटतात. म्हणून ते झाकणाच्या डब्यात काढावे आणि डबा उंचावर ठेवावा.

जुने रेडिएटर स्वच्छ करण्यासाठी त्यात ॲसिड ओतू नये, कारण पातळ झालेल्या नळ्या त्याने लगेच गळू लागतात. खालचा होज, म्हणजे रबरी नळी, काढावा आणि खालून वर, म्हणजे नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, बागेच्या नळीने कमी दाबाचे पाणी सोडावे, वरून निघणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत. तरीही गाडी गरम होत असेल तर रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे द्यावे. तो वरची टाकी उघडून प्रत्येक नळीतून पट्टी फिरवतो, आणि तो खर्च पूर्ण वसूल होतो. बाहेरच्या बाजूने जाळीत कापसाचे तंतू, किडे आणि धूळ बसते. ती इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी मारून काढावी. पुढून मारल्यास ती आणखी आत जाते.

थर्मोस्टॅट परत बसवावा, असे मी आग्रहाने सांगेन. तो नसला की थंडीच्या सकाळी इंजिन बराच वेळ गारच राहते, पेट्रोल जास्त जाते, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल धुऊन टाकते आणि झीज वाढते. तो चांगला आहे की नाही हे घरीच तपासता येते. पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने त्यात लोंबता ठेवावा, तो तळाला टेकू देऊ नये, आणि पाणी तापवत थर्मामीटरकडे पाहावे. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला, तर तो ठीक आहे. रेडिएटरचे झाकणही जुने झाले की दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळते. ते बदलताना जुन्यावर जो दाबाचा आकडा असेल तोच घ्यावा, जास्त दाबाचे झाकण जुन्या रेडिएटरचे सांधे उघडते. गरम गाडीचे झाकण कधीही उघडू नये. वाटेत थांबावे लागले तर सावलीत उभे राहून अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा, आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी घालू नये, हेडला तडा जातो.

पंख्याचा पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, त्यामुळे तो ढिला असणे म्हणजे दोन्ही कामे अर्धवट होणे. सर्वांत लांब टप्प्याच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण अर्धा इंच दबावा. अनेक जण विजेवर चालणारा पंखा लावण्याचा सल्ला देतात. तो वाईट नाही, रस्त्याच्या कामामुळे गाडी रांगेत रखडते तेव्हा त्याचा उपयोगही होतो. परंतु रेडिएटर स्वच्छ, ठिणगीचे टायमिंग बरोबर आणि मूळ पंखा शाबूत असेल तर आमच्या गाडीला उन्हाळ्यातही त्याची गरज पडलेली नाही. बुजलेल्या रेडिएटरसमोर नवा पंखा लावून रोग लपतो एवढेच.

ब्रेकचे काम घरी करताना कोणतीही घाई करू नये. जुन्या अँबेसेडरना चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि कित्येकींत सगळ्या चाकांना मिळून एकच सर्किट असते, म्हणजे एक रबरी होज फुटला तरी पूर्ण ब्रेक जातो. म्हणून होज वाकवून पाहावेत. पृष्ठभागावर बारीक चिरा दिसल्या किंवा पेडल दाबल्यावर होज फुगला, तर सगळे होज एकदमच बदलावेत. ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ फुंकरीने किंवा हवा मारून उडवू नये. जुन्या लाइनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. ती ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे. चाकाच्या सिलिंडरचे रबरी झाकण उचलून पाहावे, आत ओल असेल तर तो सिलिंडर गळतो आहे.

ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे शू सेट करताना चाक उचललेले आणि हाताने फिरणारे हवे. ॲडजस्टर फिरवत चाक पूर्ण अडेपर्यंत आणावा आणि मग चाक मोकळे फिरेल एवढाच मागे घ्यावा. पुढच्या ड्रममध्ये दोन सिलिंडर असतात, म्हणून तिथे दोन ॲडजस्टर असतात. एकच सेट करून सोडलेली गाडी ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते, आणि लोक त्याचा दोष अलाइनमेंटला देतात. त्यानंतर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढावी. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) सर्वांत दूरच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून, आणि शेवट पुढच्या उजव्या चाकाला. ब्लीडरवर, म्हणजे चाकाजवळच्या हवा सोडण्याच्या स्क्रूवर, पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे ब्रेक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवावे. आत बसलेल्याने पेडल दाबून धरावे, तेव्हाच ब्लीडर उघडावा, आणि तो बंद झाल्यावरच पेडल सोडावे. आमच्याकडे पेडलवर माझी मुलगी बसते आणि प्रत्येक वेळी "दाबलं बाबा" आणि "सोडलं बाबा" असे मोठ्याने सांगते. हे ओरडून सांगणे अनावश्यक वाटले तरी पाळावे, कारण एका चुकीच्या क्षणी हवा पुन्हा आत जाते आणि सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून उघडलेला डबा पुढच्या पावसाळ्यानंतर वापरू नये, आणि गाडीतले ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. इंजिन ऑइल किंवा ग्रीस ब्रेकच्या रबराला चुकूनही लागू देऊ नये. काम झाल्यावर आधी अंगणात, मग मोकळ्या रस्त्यावर अगदी कमी वेगाने तपासणी करावी. पेडल मऊ वाटले तर गाडी गावाबाहेर नेऊ नये.

पेट्रोलच्या लाइनकडे आता पूर्वीपेक्षा जास्त लक्ष द्यावे लागते, कारण पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि या गाडीचे रबर त्यासाठी बनलेले नाही. इथेनॉलने जुनी नळी आतून सुजते, मऊ पडते आणि तिचे कण कार्बुरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, अडकतात. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदाही असाच खराब होतो. टाकीपासून कार्बुरेटरपर्यंतच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या घ्याव्यात आणि दोन्ही टोकांना चांगल्या क्लिपा लावाव्यात. इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा डिंकासारखा थरही सैल करते, म्हणून पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवावा आणि पहिल्या काही महिन्यांत तो दोनदा बदलण्याची तयारी ठेवावी. याच मिश्रणामुळे इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल थोडे कमी पडते. प्लग काढून पाहावा: टोक फिकट तांबूस असेल तर ठीक, पांढुरके असेल तर मिश्रण पातळ आहे आणि मुख्य जेट एक पायरी मोठा घ्यावा लागेल. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवावी. अर्ध्या रिकाम्या टाकीत ओल धरते, इथेनॉल पाणी ओढून घेते आणि ते पाणी तळाशी साचून पत्रा गंजवते.

भर दुपारी गाडी थांबवून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करायला गेलात आणि ती सुरू झाली नाही, तर बहुतेक वेळा नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवले की पाच-दहा मिनिटांत ती सुरू होते. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून जितकी दूर नेता येईल तितकी नेणे आणि मधे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा लावणे. हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

ट्यूनिंग आधी टॅपेटपासून, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीपासून, करावे. इंजिन पूर्ण गार असताना, शक्यतो सकाळी, रॉकर कव्हर काढावे. आठ व्हॉल्व्हना पुढून एक ते आठ असे क्रमांक मनात द्यावेत आणि बेरीज नऊची पद्धत वापरावी: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करायचा, सहावा दाबलेला असताना तिसरा, चौथा दाबलेला असताना पाचवा, अशा रीतीने दोघांची बेरीज नेहमी नऊ. प्लग काढून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि थोडी थोडी ढकलली की इंजिन हवे तेवढे फिरते. आमच्या इंजिनात रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट ०.३८ मिलिमीटर ठेवतो. गेज किंचित ओढ लागून सरकावी. कट-कट आवाज बंद करण्यासाठी फट याहून कमी करणारे पुष्कळ आहेत, पण घट्ट ठेवलेला व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. आवाज करणारे टॅपेट शांत टॅपेटपेक्षा बरे. त्यानंतर प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर आणि प्लगची ०.६ मिलिमीटर ठेवावी, आणि सर्वांत शेवटी कार्बुरेटरला हात लावावा. पॉइंटला जोडलेला एक जास्तीचा कंडेन्सर गाडीच्या खणात नेहमी असावा.

एअर क्लीनर ऑइल-बाथ प्रकारचा असेल तर कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत त्याच्या तळाशी दर महिन्याला चिखल साचतो. तो काढून, डिझेलने धुऊन, खुणेपर्यंत नवे इंजिन ऑइल भरावे. खुणेच्या वर भरू नये. इंजिनात २०डब्ल्यू-५० ग्रेडचे ऑइल आपल्या उन्हाळ्याला योग्य ठरते.

पुढच्या सस्पेन्शनच्या, ग्रीस भरण्यासाठी असलेल्या निपलांना हजार-दीड हजार किलोमीटरला ग्रीस द्यावे, आणि पावसाळ्यात चिखलातून गाडी गेली असेल तर त्याआधीही. कडेने जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत गन मारावी. निपल घेत नसेल तर तो बदलावा, सोडून देऊ नये. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे शॅकल बुश खड्ड्यांच्या रस्त्यांवर लवकर जातात. पहार घालून हलवून पाहिले की खेळ कळतो.

मूळ गाडी अशी नीट झाल्यावर सुधारणांचा विचार करावा, आणि त्यांत मी हेडलाइटच्या रिलेला (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) पहिला क्रमांक देतो, कारण आपल्या राज्य मार्गांवर रात्री बिनदिव्याच्या बैलगाड्या आणि रस्त्यावर बसलेली जनावरे असतात. मूळ रचनेत दिव्याचा सगळा प्रवाह डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो. ५५-६० वॉटचे दोन दिवे म्हणजे सुमारे दहा अँपिअर; चाळीस वर्षे जुन्या तारेत आणि स्विचमध्ये बॅटरीच्या व्होल्टेजमधला एक-दीड व्होल्ट सहज खर्च होतो आणि उजेड त्याहून कितीतरी जास्त कमी होतो. मल्टीमीटरने इंजिन चालू ठेवून आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजावे. फरक स्वतःच दिसेल. अप्पर आणि डिपरसाठी एकेक रिले घ्यावा. रिलेच्या ३० क्रमांकाला बॅटरीकडून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून येणारी जाड तार, ८७ ला बल्बकडे जाणारी तार, ८६ ला जुन्या स्विचची तार आणि ८५ ला अर्थ द्यावा. तार २.५ चौरस मिलिमीटरची पुरते. फ्यूज बॅटरीच्या जितक्या जवळ तितका चांगला. बल्ब ६०/५५ वॉटचा एच-४ च ठेवावा: १०० वॉटचे बल्ब सॉकेट वितळवतात, आणि हॅलोजनसाठी बनलेल्या काचेत स्वस्त एलईडी घातला की उजेड रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत पसरतो.

बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर ही दुसरी उपयुक्त सुधारणा आहे. डायनॅमो आयडलिंगला जवळजवळ काहीच देत नाही, अल्टरनेटर देतो. बसवण्याआधी बॅटरीचे कोणते टर्मिनल बॉडीला जोडले आहे ते पाहावे; जुन्या जोडणीत ते पॉझिटिव्ह असेल आणि तसेच ठेवून अल्टरनेटर जोडला तर त्यातले डायोड क्षणात जळतात. डायनॅमोचा जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढून टाकावा. इंजिन ते बॉडी अशी अर्थची नवी जाड पट्टीही याच वेळी बसवावी, बरेचसे गूढ बिघाड तेवढ्यानेच जातात. पुढच्या सीटसाठी तीन जागी बांधले जाणारे पट्टे लावताना ते केवळ पत्र्यात न ठोकता मागून जाड लोखंडी प्लेट देऊनच बोल्टने बसवावेत.

वायरिंगचा आपल्याकडचा खरा शत्रू उंदीर आहे. तूर किंवा सरकी साठवलेल्या खोलीशेजारी गाडी उभी असेल तर तारेचे वेष्टन कुरतडले जाते आणि दोन उघड्या तारा भेटल्या की आग लागते. गाडी आठवडाभर वापरात नसेल तेव्हा बॅटरीचे टर्मिनल काढून ठेवावे आणि बोनेट उघडे ठेवावे. उजेडात उंदीर घर करत नाहीत.

इंजिन बदलणे किंवा बॉडी कापणे यांसारख्या, गाडीची मूळ रचना बदलणाऱ्या गोष्टी मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये येतात, त्यासाठी आरटीओची परवानगी आधी लागते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. ब्रेक, दिवे आणि धूर वरीलप्रमाणे नीट असतील तर त्या तपासणीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

राहिला पत्रा. मृग लागण्याआधी दारांच्या खालच्या कडेची पाणी निघण्याची छिद्रे तारेने मोकळी करावीत, कारण बुजलेल्या छिद्रामुळे दार आतून सडते. पाऊस संपल्यावर, दसऱ्याला गाडीची पूजा करण्याआधीच्या आठवड्यात, चारही चाके काढून मडगार्डच्या आतला चिखल हाताने खरवडावा. काळी माती वरून सुकलेली दिसली तरी आत दिवाळीपर्यंत ओल धरून ठेवते, आणि हेडलाइटच्या मागचा वरचा खाचा व पुढच्या दाराच्या बिजागरीमागची पोकळी या दोन जागी पत्रा सर्वांत आधी जातो. पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात वाळवावे, गंज घासून प्रायमर द्यावा आणि पोकळ भागांत गंजरोधक मेण फवारावे. वापरलेले इंजिन ऑइल यासाठी घेऊ नये. ते रबर फुगवते आणि त्वचेलाही घातक असते. चाके परत लावताना नट समोरासमोर थोडे थोडे आवळावेत, आणि पन्नास किलोमीटर गाडी चालल्यावर ते पुन्हा एकदा पान्याने पाहावेत.